खालचा स्क्रू आधी

इंजिन चालू करू नका, म्हटलं,
रात्रभर उभी आहे, तर उभीच राहू दे की.
पाणी जड. ते झोपेत खाली उतरतं,
तेल त्याच्यावर पांघरूण होतं.
एकदा का पंखा फिरला
की दोघं अशी घुसळतात
की कोण कुठलं, विचारायची सोय नाही.

हिडकलच्या काठावर सकाळचे सात.
उद्यमबागेतून निघालो तेव्हा
नाक्यावरचा स्टोव्हसुद्धा पेटला नव्हता.
पिशवीत पाने, काचेची बरणी,
बायकोच्या जुन्या सुती साडीचा बोळा
आणि छत्तीस वर्षांचा तोरा:
भरमाणी मुचंडी,
आवाजावरून बेअरिंगचं वय सांगणारा.

बोट खात्याची. कृष्णा फुगली
की हिला ट्रकवर घालून यडूरकडे नेतात,
उसात अडकलेली माणसं, शेळ्या,
एखादीचं शिलाई मशीन काढून आणायला.
तिथं धारेत गिअरनं दातखीळ धरली
तर हाक मारायला गॅरेज नसतं.

खालचा स्क्रू अर्धा आटा सैल केला.
यायला हवं होतं तेल,
काळसर, काकवीसारखं आळशी.
आधी आले तीन थेंब.
स्वच्छ. कुणी म्हणेल डोळ्यांतल्यासारखे,
मी म्हणतो पाण्यासारखे.
मग जे आलं ते आंबिलीच्या रंगाचं.
बोटांत चोळलं. निसटेना.

बसलिंगय्या मागं उभा, हात पाठीशी बांधून.
“नीर बंदैतेनरी?”
आलंय, म्हटलं, कधीपासून कुणास ठाऊक.
तुम्हाला तरी कसं कळणार म्हणा.
तो काही बोलला नाही.
बोटघराच्या भिंतीकडं नुसती हनुवटी केली.

भिंतीवर खडू.
कन्नड आकडे, जे मी शाळेत नाही,
बसच्या पाट्यांवर शिकलो.
रोज सकाळी तळातला पंप किती मिनिटं चालला:
दोन. दोन. दोन. पाऊस, चार. दोन.
मग अडीच.
अडीच, अख्खा आठवडा.
तीन. तीन. साडेचार.
एका आकड्याशेजारी नुसता कान काढलेला.
त्या दिवशी डावीकडं वळताना, म्हणाला,
मागं कुणीतरी हरभरे भरडत होतं.
सरळ चाललं की थांबायचं.

अर्ज तीन केले होते.
दोन कन्नडात, तिसरा कुणाकडून तरी इंग्रजीत.
उत्तर एकच: बोट चालते का?
चालते.

मी तोरा बरणीशेजारी ठेवला
आणि पहिल्या ओळीपासून भिंत वाचली.
पहिल्या अडीचवर बोट टेकवलं.
इथं.

रबरी भाता वरून नवाकोरा दिसतो.
चीर घडीच्या पोटात असते,
ताणल्याशिवाय तोंड उघडत नाही.
तिसऱ्या घडीत सापडली, पापणीच्या केसाएवढी.
तिच्यातून हिडकल आत येत होतं,
आवाज न करता,
आधी बेअरिंगवर, तिथं तांबूस पीठ धरलेलं,
मग शाफ्टच्या सीलकडं, सीलवरून तेलात.
“सोरतैते,” तो म्हणाला.
गळतंय, मी म्हटलं.
दोघंही त्याच थेंबाकडं बघत होतो.

नवा भाता गोव्याहून यायला चार दिवस.
सीलही बदलायचं, बेअरिंगही, तेल तर सगळंच.
एवढं कागदावर लिहून दिलं, मराठीत,
खाली त्यानं कन्नडात सही केली.
साहेब वाचतील न वाचतील.

बरणी खिडकीत ठेवली, उद्या कुणालाही दिसेल अशी,
खाली पाणी, वर तेल, मध्ये मळकट साय.

निघताना पाहिलं, तो खडू शोधत होता.
आज पंप लावलाच नव्हता, मीच अडवलेला.
त्यानं आकड्याच्या जागी एक टिंब काढलं.
हे काय, विचारलं.
“मेस्त्री बंदार,” म्हणाला
आणि खडू पुन्हा कानामागं खोचला.